दुसऱ्याच्या घरात शिरलेला गवंडी: संगीतकारांनी कंडक्ट केलेली जुनी ध्वनिमुद्रणं कशी ऐकावीत

१९२६ ते १९२८ या काळात जर्मन संगीतकार रिचर्ड स्ट्रॉसने कंडक्टर म्हणून, म्हणजे हातातल्या काठीने वाद्यवृंद चालवत, बर्लिनच्या स्टाट्सकापेल वाद्यवृंदाकडून मोझार्टच्या शेवटच्या तीन सिंफन्या (वाद्यवृंदासाठीच्या अनेक भागांच्या मोठ्या रचना), बेथोवेनची पाचवी आणि सातवी, शिवाय ग्लुक, वेबर आणि वॅगनर यांच्या काही ओव्हर्चर (ऑपेरा सुरू होण्याआधी वाजणाऱ्या रचना) तबकड्यांवर उतरवून घेतल्या. या वाद्यवृंदाशी त्याचं नातं १८९८ पासूनचं. वय साठीच्या पुढे, नाव जगभर झालेलं, आणि तरी दुसऱ्यांचं संगीत वाजवायला तो पुन्हा पुन्हा उभा राहत होता. या तबकड्या मी पहिल्यांदा ऐकल्या तेव्हापासून माझ्या ऐकण्याला एक दिशा मिळाली. तीच वाट इथे पायरीपायरीने सांगते.

संगीतकार स्वतःची रचना वाजवतो तेव्हा तो करेल ते प्रमाण, असं धरून आपण मोकळे होतो. दुसऱ्याच्या रचनेपुढे मात्र तोही बाहेरचाच. गवंडी दुसऱ्या गवंड्याने बांधलेल्या घरात शिरला की सामान बघत बसत नाही. भार कुठल्या भिंतीवर आहे ते बघतो, ओळंबा नजरेनेच लावतो. संगीतकाराच्या हातातल्या काठीत मला तीच नजर दिसते. कुठे घाई करायची, कुठे थांबायचं, कुठला स्वर वर येऊ द्यायचा, हे तो बांधकाम ओळखून ठरवतो.

अडचण एवढीच की शंभर वर्षांपूर्वीच्या तबकडीवर त्याचा निर्णय आणि यंत्राची मजबुरी एकमेकांत मिसळलेली असतात. म्हणून आधी यंत्राचं यंत्राला देऊन टाकायचं. उरतं ते माणसाचं. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एकाच कामासाठी आहेत.

सुरुवात कशाने करावी

चार ध्वनिमुद्रणं घ्या, आणि ती याच क्रमाने ऐका.

पहिलं, ऑस्ट्रियाचा संगीतकार आंटोन वेबर्न याने २९ डिसेंबर १९३२ रोजी फ्रांकफुर्ट रेडिओच्या वाद्यवृंदाबरोबर वाजवलेली शूबर्टची जर्मन नृत्यं. शूबर्टने ही सहा नृत्यं १८२४ मध्ये पियानोसाठी लिहिली होती. वेबर्नने १९३१ मध्ये ती छोट्या वाद्यवृंदासाठी बांधली. जेमतेम दहा मिनिटांचा ऐवज आहे, त्यामुळे दिवसातून तीनदा ऐकला तरी कामाचा खोळंबा होत नाही.

दुसरं, स्ट्रॉसने वाजवलेली मोझार्टची चाळिसावी सिंफनी, जी मायनर (म्हणजे जी या स्वराला सा धरून उदास छटेच्या सप्तकात बांधलेली). तिसरं, हीच सिंफनी इंग्लिश संगीतकार बेंजामिन ब्रिटनने १९६८ मध्ये इंग्लिश चेंबर ऑर्केस्ट्राबरोबर वाजवलेली, ती तुलनेसाठी. चौथं, वेबर्नने १ मे १९३६ रोजी लंडनमध्ये बीबीसी सिंफनी ऑर्केस्ट्राबरोबर वाजवलेला आल्बान बर्गचा व्हायोलिन कॉन्चेर्टो (एका वाद्याला पुढे ठेवून वाद्यवृंदासह वाजणारी रचना). हे चौथं ध्वनिमुद्रण कानाला सगळ्यात खडतर आहे. ते शेवटीच ठेवा, त्याआधी कान तयार व्हायला हवेत.

महालर इथे का नाही, असं कुणी विचारेल. तो संगीतकार होता आणि त्याच्या काळातला मोठा कंडक्टरही, पण वाद्यवृंदासमोर उभ्या असलेल्या महालरचं एकही ध्वनिमुद्रण नाही. उरल्या आहेत त्या १९०५ मध्ये पियानोवर वाजवलेल्या कागदी गुंडाळ्या, त्याही स्वतःच्याच रचनांच्या. ‘महालर कंडक्ट करतो’ असं लिहिलेली फाइल दिसली तर खुशाल पुढे जा.

शोधायचं कसं

इथे पहिली ठेच लागते ती नावांची. गाण्यांच्या ॲपमध्ये स्ट्रॉसचं नाव टाकलं की त्याच्या स्वतःच्या रचनांचा ढीग समोर येतो, आणि त्यात व्हिएन्नाच्या वॉल्ट्झवाला योहान स्ट्रॉसही मिसळलेला असतो. या दोघांचं एकमेकांशी काही नातं नाही. म्हणून शोधताना चार गोष्टी एकत्र टाका: कंडक्टरचं पूर्ण नाव, मूळ संगीतकाराचं नाव, वाद्यवृंद आणि साल. ‘रिचर्ड स्ट्रॉस, मोझार्ट, स्टाट्सकापेल बर्लिन’ एवढं रोमन लिपीत टाकलं तरी नको ते गळून जातं.

दुसरी ठेच सालाची. ॲपमध्ये दिसणारं साल बहुतेक वेळा ती डिजिटल आवृत्ती बाजारात आली त्याचं असतं. १९२६ ची तबकडी तिथे २००८ ची म्हणून दिसते. मुद्रणाचं खरं साल सीडीच्या पुस्तिकेत मिळतं, नाहीतर जुन्या तबकड्यांच्या याद्यांमध्ये, नाहीतर प्रत्यक्ष तबकडीच्या लेबलजवळच्या गुळगुळीत पट्ट्यावर कोरलेल्या मॅट्रिक्स क्रमांकावरून शोधता येतं. साल पक्कं झाल्याशिवाय वहीत काहीच नोंदवू नका. पुढची सगळी गणितं त्यावर उभी आहेत.

वादक कोण, तेही तपासा. दिनू लिपाटी हा पियानोवादकही आणि संगीतकारही. त्याच्या नावावर १९६६ पासून विकला जाणारा शोपँचा एक कॉन्चेर्टो प्रत्यक्षात हालिना चेर्नी-स्टेफान्स्काने वाजवलेला आहे, हे १९८१ मध्ये उघड झालं. पंधरा वर्षं जाणकारांनी तो लिपाटी म्हणून ऐकला होता. तेव्हा लेबलवर छापलंय म्हणून खरं, असं धरू नका.

एकाच तबकडीच्या दोन-तीन डिजिटल आवृत्त्या मिळाल्या तर पहिलं एक मिनिट सगळ्यांचं ऐका. ज्या आवृत्तीत खरखर अजिबात नाही तिच्याबद्दल मला आधी शंका येते. खरखर पुसताना व्हायोलिनच्या वरच्या स्वरांची धार जाते, स्वर संपल्यावर दालनात राहणारा श्वास जातो, आणि सगळा वाद्यवृंद पाण्याखालून वाजतोय असं वाटू लागतं. खरखर ठेवलेली आवृत्ती निवडा. दहा मिनिटांत कान ती बाजूला सारतो; जुन्या नाट्यपदांच्या तबकड्या ऐकत वाढलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

कायद्याचंही सांगून टाकते. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून ६० वर्षं चालतो. स्ट्रॉसच्या तबकड्या कधीच्याच मोकळ्या झाल्या आहेत आणि इंटरनेट अर्काइव्हसारख्या संग्रहांतून अशा जुन्या तबकड्या उतरवून घेता येतात. ब्रिटनचं मुद्रण मात्र १९६८ चं आहे. ते विकत घ्या किंवा ॲपवर ऐका. मोझार्टची स्वरलिपी आयएमएसएलपी या संकेतस्थळावर फुकट मिळते. ती लागणारच आहे, आत्ताच उतरवून घ्या.

तबकडीच्या बाजूचं गणित

बारा इंची तबकडीच्या एका बाजूवर चार ते साडेचार मिनिटं मावत, दहा इंचीवर तीन. आपल्याकडच्या गवयांनी या तीन मिनिटांवर तोडगा काढला तो ख्यालच नव्याने बेतून: आलाप आवरून, बंदिश लगेच मांडून, दोन-चार ताना घेऊन समेवर. अब्दुल करीम खाँची तीन मिनिटं ऐकताना काही अर्धवट राहिलंय असं वाटत नाही. युरोपातल्या कंडक्टरला ही मुभा नव्हती. त्याच्यापुढे लिहिलेली रचना होती. त्यामुळे त्याच्याकडे तीनच वाटा उरत: मध्येच तोडून पुढच्या बाजूवर चालू करायचं, लिहिलेल्या पुनरावृत्त्या गाळायच्या, किंवा सरळ कात्री लावायची.

कात्रीचं ठळक उदाहरण स्ट्रॉसच्याच बेथोवेनच्या सातव्या सिंफनीत आहे, १९२६ च्या मुद्रणात. शेवटच्या भागाला मोठी काट दिली आहे आणि तो भाग एरवीपेक्षा खूपच लवकर संपतो. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं, स्ट्रॉसला बेथोवेनचं बांधकामच मान्य नव्हतं. तसा अर्थ काढण्याआधी बाजूची लांबी आठवा. असे कापलेले भाग मी वहीत लाल पेन्सिलने मांडते आणि मतासाठी वापरत नाही.

तुमचं काम असं: स्वरलिपी समोर ठेवून एकदा फक्त जोड शोधत ऐका. आता बाजू जोडून सलग केलेल्या असतात, पण खुणा राहतात. खरखरीचा पोत अचानक बदलतो. कधी बाजू संपताना लय किंचित बसते, कारण वादकांना तिथे खरोखरच थांबायचं होतं. कधी जोडावरचा स्वर दोनदा ऐकू येतो. प्रत्येक जोडापाशी स्वरलिपीत पेन्सिलची रेघ मारा. या रेघेच्या अलीकडच्या चार-पाच बारांत झालेला मंदपणा कंडक्टरच्या खात्यावर टाकायचा नाही. (बार म्हणजे स्वरलिपीतल्या दोन उभ्या रेघांमधला तुकडा, आपल्या विभागासारखा.)

एक गोष्ट इथे सांगाविशी वाटते. या सगळ्या तबकड्या ज्या शेलॅकच्या होत्या, ते शेलॅक म्हणजे आपली लाख. छोटा नागपूरच्या पळस-कुसुमाच्या फांद्यांवरून खरवडलेली लाख जगभरच्या रेकॉर्ड कारखान्यांत जात होती, आणि १९०८ पासून कोलकात्यातही तबकड्या छापल्या जात होत्या. बर्लिनमधला मोझार्ट ऐकताना हे मनात आलं की मला ते अंतर थोडं कमी वाटतं.

पट्टी तपासणं

‘अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांची रेकॉर्ड’ हे नाव आहे, हमी नाही. मुद्रण करताना यंत्र कधी ७६ वर तर कधी ८० वर चालत असे. डिजिटल करणाऱ्याने ती डोळे मिटून ७८ वर फिरवली तर पट्टी चढते किंवा उतरते आणि लयही तिच्याबरोबर बदलते. वेगात सुमारे सहा टक्के फरक पडला की अर्धा स्वर सरकतो. म्हणजे पेटीवरच्या पांढरी पाचची सिंफनी शेजारच्या काळी चारला जाऊन बसते. तीन टक्के वाढला तर २४ मिनिटांची सिंफनी २३ मिनिटं १८ सेकंदांत संपते, आणि आपण म्हणतो, ‘काय धावतोय हा स्ट्रॉस!’

यासाठी महागडं काही लागत नाही. तानपुऱ्याचं ॲप पांढरी पाचला लावा, कारण जी मायनरचा जी म्हणजे पांढरी पाच. सिंफनीच्या पहिल्या आणि चौथ्या भागाचा शेवटचा स्वरसमूह ऐका आणि तानपुरा हळूहळू वर-खाली करून जुळवा. दोन-तीन ठिकाणी करा, कारण तबकडीच्या एका बाजूची पट्टी दुसरीपेक्षा वेगळी निघू शकते. फरक किती सेंट (अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) आहे तो ॲपवर दिसतो.

इथे एक सावधगिरी. वाद्यवृंदाचा ए, म्हणजे पांढरी सहा, ४४० कंपनांना बांधायचा हे आजचं प्रमाण आहे. १८८५ च्या व्हिएन्ना परिषदेने तो ४३५ वर ठरवला होता आणि त्या दोन्हींच्या मधली लावणी बराच काळ चालत राहिली. दोहोंतला फरक साधारण २० सेंट. त्यामुळे १९२६ ची तबकडी २० सेंट उतरलेली सापडली तर ती चुकीच्या वेगाची आहे असं लगेच ठरवू नका. पन्नासच्या पुढे फरक गेला तर मात्र दुसरी आवृत्ती शोधा, किंवा ऑडॅसिटीसारख्या फुकट प्रणालीत वेग दुरुस्त करा. वेग आणि पट्टी दोन्ही एकत्र बदलणारा पर्याय वापरा. फक्त पट्टी बदलणारा वापरलात तर लय चुकीचीच राहील.

परत परत येणारं नृत्य

आता खरं ऐकणं. वेबर्नच्या शूबर्टपासून सुरू करा, कारण त्यात रचनेनेच मोजपट्टी दिली आहे. सहा नृत्यांचे तीन-तीनचे दोन गट आहेत आणि प्रत्येक गटात पहिलं नृत्य मुखड्यासारखं परत येतं: पहिलं, दुसरं, पुन्हा पहिलं, तिसरं, पुन्हा पहिलं. म्हणजे तेच स्वर, त्याच वाद्यांवर, एकाच बैठकीत तीन वेळा. कंडक्टर लयीशी कसा वागतो हे पाहायला याहून चांगली जागा नाही.

पहिल्या फेरीत काहीही लिहू नका. दुसऱ्या फेरीत फक्त परतणारं नृत्य ऐका आणि दर वेळी त्याची सुरुवात कशी होते ते पाहा. पहिल्यांदा ते नुसतं चालू होतं. परत येताना वेबर्न त्याच्या आधी श्वास घेतो; वाक्याच्या टोकाला तीन मात्रांमधली दुसरी किंचित लांबते आणि तिसरी लगेच पुढच्या पहिलीत ओघळते. व्हिएन्नाचा माणूस तीन मात्रा समान मोजत नाही. आपल्याकडे लावणीच्या ढोलकीवाल्याला ठेका शिकवताना जे बोलून दाखवता येत नाही आणि हाताने दाखवावं लागतं, तशी ही गोष्ट आहे.

हा तोच वेबर्न, ज्याच्या स्वतःच्या एकतीस रचना मिळून साधारण तीन तासांत वाजवून होतात, ज्याचं नाव काटेकोर हिशोबासाठी घेतलं जातं. त्याच्या रचना कोरड्या मोजमापाने वाजवाव्यात असं पुढच्या पिढीतल्या अनेकांनी धरून चाललं. ही दहा मिनिटं ऐकल्यावर मला ते पटेनासं झालं. शूबर्टच्या नृत्यात जो माणूस इतका श्वास घेतो, त्याला स्वतःच्या एका स्वराच्या वाक्यातही तो श्वास अपेक्षित असणार. दुसऱ्याचं संगीत वाजवताना संगीतकार स्वतःबद्दल असं सांगून जातो.

तिसऱ्या फेरीत एक वाद्य धरा आणि फक्त त्याच्यामागे जा. मी क्लॅरिनेट धरला होता.

स्टॉपवॉच घेऊन मोझार्ट

स्ट्रॉसच्या चाळिसाव्या सिंफनीकडे वळा. पहिला भाग सुरू होतो तो व्हायोलांच्या अस्वस्थ पदन्यासाने; सूर नंतर येतो. त्रेचाळिसाव्या बारपर्यंत हा पहिला विषय आणि त्याचं वाढत जाणं. मग क्षणभर शांतता, आणि चव्वेचाळिसाव्या बारपासून दुसरा विषय, तंतुवाद्यं आणि फुंकवाद्यं यांनी वाटून घेतलेला, अर्ध्या-अर्ध्या स्वरांनी घसरत उतरणारा.

दोन्हींची लय वेगवेगळी मोजा. या भागात प्रत्येक बारमध्ये दोन ठोके आहेत. पहिले ४३ बार म्हणजे ८६ ठोके. समजा त्यांना ४८ सेकंद लागले, तर मिनिटाला साधारण १०७ ठोके. पुढचे २३ बार, ४४ ते ६६, म्हणजे ४६ ठोके; समजा २९ सेकंद लागले, तर ९५. हे आकडे मी रीत कळावी म्हणून घेतलेत. तुमचे तुम्ही काढा, तीनदा मोजून सरासरी घ्या, आणि आधीच्या पायरीतली पट्टीची दुरुस्ती त्याला लावा.

स्ट्रॉसच्या मुद्रणात दुसऱ्या विषयापाशी चाल सैल होते ते तुम्हाला आकड्याविनाही ऐकू येईल. आजच्या कानाला हे खटकतं. लिहिलेलं नसताना लय का बदलायची? मीही बरेच दिवस याला जुन्या पिढीची सवय म्हणत होते. मग पुढे ऐकत गेले. तोच विषय २२७ व्या बारपासून परत येतो, या वेळी मूळच्या मायनरमध्ये, उजेड गेलेला. तिथेही मोजा. दोन्ही ठिकाणचे आकडे शेजारी लिहिले की लक्षात येतं, तो लय कुठे आणि का सोडतो हे त्याने ठरवून ठेवलेलं आहे. ऑपेरा लिहिणारा माणूस आहे तो. नवं पात्र रंगमंचावर आलं की त्याला बोलायला जागा देतो.

एक्केचाळिसाव्या सिंफनीचा शेवटचा भागही याच पद्धतीने घ्या. त्याचा मूळ विषय चार स्वरांचा आहे, सी-डी-एफ-ई, म्हणजे आपला सा-रे-म-ग. तो पेटीवर दहा वेळा वाजवून बोटांत बसवा आणि मग तबकडी लावा. शेवटी हे चार स्वर इतर चार विषयांबरोबर एकदम गुंफले जातात. त्या गर्दीत सा-रे-म-ग कुठल्या वाद्यातून ऐकू येतो ते प्रत्येक वेळी टिपा. १९२६ चा मायक्रोफोन तुम्हाला डबल बासमधला सा-रे-म-ग नीट देणार नाही. तो दोष स्ट्रॉसचा नाही. पण व्हायोलिन आणि फुंकवाद्यं यांच्यातली देवघेव स्वच्छ आहे, आणि ज्याने स्वतः शंभर वाद्यांची गुंतागुंत लिहिली त्याला गर्दीतून वाट काढणं किती सहज जमतं ते कळतं.

स्ट्रॉसचं कंडक्टिंग चित्रफितींमध्येही पाहायला मिळतं. काठीची हालचाल अगदी लहान, मनगटाएवढी. ते पाहून पुन्हा ऐका. एवढ्याशा खुणेवर लय सैल होते आणि पुन्हा बांधली जाते, हे कळल्यावर वाद्यवृंद आणि तो एकमेकांना किती ओळखत असतील याचा अंदाज येतो.

ब्रिटनशी ताडून

आता १९६८. एव्हाना चुंबकीय फीत आली होती, एलपीच्या एका बाजूवर वीस-पंचवीस मिनिटं मावत होती, बाजूची अडचण सरली होती. ध्वनिमुद्रणाची जागा सफोकमधलं स्नेप मॉल्टिंग्ज, जवापासून मॉल्ट बनवण्याच्या जुन्या इमारतीतून घडवलेलं सभागृह. ते १९६७ मध्ये उघडलं, जून १९६९ मध्ये जळालं आणि पुढच्या वर्षी पुन्हा उभं राहिलं. चाळिसावी सिंफनी आगीच्या आधीची आहे.

ब्रिटनच्या मुद्रणात पुनरावृत्त्या गाळलेल्या नाहीत, त्यामुळे एकूण मिनिटांची तुलना करण्यात अर्थ नाही. तेच दोन तुकडे मोजा: १ ते ४३ आणि ४४ ते ६६. आकड्यांतला फरक लिहून ठेवा. मग आकडे बाजूला ठेवून दुसरा, संथ भाग ऐका. सहा-सहा मात्रांच्या त्या चालीत ब्रिटन प्रत्येक आवाजाला गायकासारखा वागवतो. एक थांबला की दुसरा त्याचं वाक्य उचलतो. स्ट्रॉसकडे नाट्य, ब्रिटनकडे श्वास, असं मी माझ्या वहीत लिहिलं होतं. नंतर ते खोडलं, कारण स्ट्रॉसच्या संथ भागातही श्वास सापडला. असं खोडायला जागा ठेवा.

खरी तबकडी हाती लागली तर

मुंबईत चोरबाजारात, पुण्यात जुन्या बाजारात, गोव्यात जुन्या घरांच्या आवराआवरीत अजूनही पाश्चात्त्य संगीताच्या शेलॅक तबकड्या निघतात. घेताना तिरक्या उजेडात धरून बघा. करडा पट्टा दिसला तर लोखंडी सुयांनी खाचा झिजवल्या आहेत. कडेपासून आत गेलेली बारीक भेग बोटाला लागत नाही, नखाला लागते. संच पूर्ण आहे का ते लेबलवरच्या बाजूंच्या क्रमांकावरून मोजा. सिंफनीच्या संचातली मधली एक तबकडी नसणं हा नेहमीचा अनुभव.

पुसायला स्पिरिट वापरू नका. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. माझ्या हातून एकदा एक चांगली तबकडी अशीच गेली. कापूस काळा झाला तेव्हा वाटलं मळ निघतोय, तो तबकडीचाच थर होता. गार पाणी, भांडी धुण्याच्या द्रवाचा एक थेंब, मऊ ब्रश खाचांच्या दिशेने, लेबल कोरडं ठेवून, आणि मऊ सुती कापडाने टिपून सावलीत वाळवणं. एवढं पुरतं.

एलपीच्या सुईने ही तबकडी वाजवू नका. शेलॅकच्या खाचेला साधारण ७५ मायक्रॉनची सुई लागते, एलपीची त्याच्या तिसऱ्या हिश्शाहून मोठी नसते. ती खाचेच्या तळाला घासते आणि नुसता कचरा वाजवते. जुन्या चावीच्या ग्रामोफोनवर लावणार असाल तर दर बाजूला नवी सुई. तबकड्या उभ्या ठेवा, आडव्या रचल्या तर खालची फुटते.

बर्ग, सगळ्यात शेवटी

हे सगळं झालं की एका संध्याकाळी वेबर्नचा बर्ग लावा.

वेबर्न आणि बर्ग दोघेही संगीतकार शोनबर्गचे शिष्य, आयुष्यभराचे मित्र. लुई क्रास्नर या व्हायोलिनवादकाने बर्गकडून हा कॉन्चेर्टो लिहून घेतला. एप्रिल १९३५ मध्ये मानोन ग्रोपियुस ही अठरा वर्षांची मुलगी गेली आणि बर्गने तो तिच्या स्मृतीला वाहिला. त्याच वर्षी २४ डिसेंबरला बर्गही गेला. स्वतःची रचना त्याने वाजलेली ऐकली नाही. पहिला प्रयोग बार्सिलोनात १९ एप्रिल १९३६ रोजी ठरला होता, वेबर्नच्या हाती. त्याला ते पेललं नाही, आणि आयत्या वेळी हेर्मान शेर्खेनने काठी घेतली. त्यानंतर बारा दिवसांनी लंडनमध्ये वेबर्न उभा राहिला. बीबीसीवर प्रक्षेपित झालेलं ते वादन क्रास्नरने तबकड्यांवर उतरवून घेतलं होतं आणि कित्येक वर्षं जपलं. म्हणून ते आज आपल्याला मिळतं.

आवाज खराब आहे. वाद्यवृंदाचे मोठे उठाव फाटतात, हळू जागा खरखरीत बुडतात. इथे आधीच्या सगळ्या पायऱ्या कामी येतात. आधी नव्या, स्वच्छ ध्वनिमुद्रणात हा कॉन्चेर्टो दोनदा ऐका, म्हणजे खरखरीत बुडालेले स्वर कान स्वतः भरून काढेल. सुरुवातीला व्हायोलिन मोकळ्या चार तारांवरून वर चढतं आणि उतरतं: जी, डी, ए, ई, जणू कुणी नुसतं वाद्य लावून बघतंय. ते ओळखलं की पुढे हरवायला होत नाही. दुसऱ्या भागात बाखच्या भजनाचा सूर येतो तिथे स्वरलिपीत खूण करून ठेवा.

मग वेबर्नचं लावा. लय आजच्यापेक्षा सावकाश आहे. बाखचा सूर येतो तिथे स्टॉपवॉच वापरू नका. त्या पानांसाठी मीही कधी वापरलं नाही. आवाज सुरुवातीलाच ठरवून ठेवा आणि मध्ये हात लावू नका. अगदी शेवटी व्हायोलिन एका उंच जीवर स्थिरावतं आणि सुरुवातीची ती मोकळ्या तारांची चढण वाद्यवृंदात खालून पुन्हा येते. खरखर तिथे स्वराइतकीच मोठी होते. कानाला हेडफोन असू द्या.